मागच्या सीटचं हेल्मेट

“दीकरा माटे जुओ छो, काका?”

मुलासाठी बघताय का, असं दुकानदार विचारत होता. अलकापुरीतलं मोटरसायकलवाल्यांच्या जॅकेटांचं नि हेल्मेटांचं दुकान. मी त्रेपन्न वर्षांचा, पोट पुढे आलेलं, चष्म्याची सारखी काढघाल चाललेली. तरी मला राग आलाच. म्हटलं, “दीकरा नाही, मीच चालवणार आहे. आणि काका कोणाला म्हणता? तुमच्या मिशा माझ्यापेक्षा पांढऱ्या आहेत.” तो मनापासून हसला आणि त्याने आतून थंड पाणी मागवलं. बडोद्यात भांडायचं म्हटलं की हीच पंचाईत. समोरचा पाणी विचारतो आणि आपलं अवसान जातं.

मग मी त्याला माझी नोकरी सांगितली. गरज काहीच नव्हती, पण मला ती खोड आहे. गेली तीस वर्षं मी एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी खात्यात आहे. सकाळी पाळी सुरू होण्याआधी कामगारांना रांगेत उभं करायचं, टोपी, चष्मा, बूट, हातमोजे बघायचे, टोपीची पट्टी हनुवटीखाली नीट बांधलीय का ते बोट घालून तपासायचं आणि ज्याची सैल असेल त्याला चारचौघांत झापायचं, हे माझं काम. “तेव्हा मला काहीतरी गळ्यात मारू नका,” असं मी त्याला बजावलं. तो म्हणाला, “साहेब, तमे तो निष्णात छो.” काकाचा साहेब झालो, म्हणून मी जरा खुलून बसलो.

आता हे वाचून कोणालाही वाटेल की हा माणूस रस्त्यावर फार सावध असणार. तिथेच तर सगळी गोची आहे.

बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे शंभर सीसीची काळी मोटरसायकल होती, टाकीवर लाल पट्टा. आम्ही दांडिया बाजारात दोन खोल्यांत राहायचो, मी, बायको, तीन वर्षांची मुलगी आणि माझी आई. थंडीच्या दिवसांत दर रविवारी सकाळी मुलीला आईपाशी सोडून मी आणि बायको भाजी आणायला पादऱ्याला जायचो. घराजवळ मांडवीच्या बाजारात काय भाजी मिळत नव्हती? ढीगभर मिळायची. पण पादऱ्याची पापडी ती पादऱ्याची, असं आम्ही आईला सांगायचो आणि आई “हो हो, पापडीच” म्हणून हसायची. दोन खोल्यांच्या घरात नवराबायकोला बोलायला जागा कुठे असते! आमचं सगळं बोलणं त्या रस्त्यावर व्हायचं. मुलीला मराठी शाळेत घालायचं की गुजराती, इथपासून ते माझी बहीण त्या दिवशी असं का बोलली, इथपर्यंत.

ती मागे एका बाजूला बसायची. साडी, वरून शाल, उजवा हात माझ्या खांद्यावर, डाव्या हातात पिशवी. आणि मागून मला वास सांगायची. तिचं नाक म्हणजे काय सांगू! “अहो, इथे कोथिंबीर उपटलीय आत्ताच.” “कोणाकडे तरी तुरीच्या शेंगा उकडतायत.” मला नुसता पेट्रोलचा वास यायचा. संध्याकाळी कारखान्यातून आलो की माझा शर्ट हातात घेऊन ती सांगायची, आज तुम्ही त्या मागच्या टाक्यांकडे गेला होतात. आणि गेलेलो असायचो. कुठे चहा प्यायलो, तेही लपायचं नाही.

माझ्या डोक्यावर कारखान्याची टोपी असायची. कडक प्लास्टिकची, पांढरी. आमच्याकडे पिवळी कामगारांची, पांढरी अधिकाऱ्यांची, आणि समोर आपला नंबर रंगवलेला. त्या काळी आमच्या कारखान्यातली अर्धी माणसं हीच टोपी घालून मोटरसायकल चालवायची. पोलिसाला लांबून डोक्यावर काहीतरी दिसलं की तो सोडून द्यायचा. ती टोपी वरून पान्हा पडला तर डोकं वाचवण्यासाठी असते, डोकंच जाऊन रस्त्यावर आपटलं तर तिचा काडीचा उपयोग नाही, हे मला ठाऊक नव्हतं? मीच ते दुसऱ्यांना शिकवत होतो! पण पांढरी टोपी घालून दांडिया बाजारातून निघालं की लोक बघायचे. मला अधिकारी होऊन वर्षच झालं होतं. उकाड्यात हनुवटीला खाज सुटते म्हणून मी तिची पट्टी कापूनही टाकली होती. रविवार असला तरी तीच टोपी. बायकोच्या डोक्यावर पदर, बस्स. मागे बसणाऱ्या बाईने काही घालायचं असतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या तरी यायला हवं होतं.

पडलो ते अगदी साध्या कारणाने. पादऱ्याहून परत येताना एका वळणावर बांधकामाची वाळू सांडलेली होती. वेग फार नव्हता. पुढचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली. माझी टोपी पहिल्याच धक्क्याला उडून कडेच्या चरात गेली. मी उठलो, गुडघे झटकले, टोपी उचलली, मागे वळलो, तर ही रस्त्यावर उताणी पडलेली, डोळे उघडे आणि चारही बाजूंना पापडीच्या शेंगा. डोक्याखाली रक्त होतं. एका ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला ट्रॉलीत घालून दवाखान्यात आणलं, आमच्याआधी तोच रडत होता.

डोक्याला मागच्या बाजूला सात टाके पडले. आठवड्याने ती घरी आली, देवाची कृपा म्हणून आईने साखर वाटली. दोन दिवसांनी दूध उतू जाऊन जळलं, घरभर वास सुटला आणि ही शेगडीपासून चार हातांवर कोशिंबीर करत बसलेली. आई ओरडत आली. हिने चमकून वर बघितलं. त्या दिवशी आम्हाला कळलं. डॉक्टर म्हणाले, मागून मार बसला की कधीकधी वासाच्या नसा तुटतात. सहा महिन्यांत परत आला तर आला. नाही आला.

मोटरसायकल मी त्याच महिन्यात विकून टाकली. पुढे स्कूटर आली, मग गाडी, मग दांडिया बाजार सोडून आम्ही फ्लॅटमध्ये गेलो. आई गेली. मुलगी शिकून नोकरीला पुण्याला गेली. या सगळ्या वर्षांत मी आमच्या घराचं नाक होतो. “अहो, दूध बघा हो जरा.” “अहो, गॅसचा वास येतोय का?” “ही साडी कपाटात राहून कुबट झालीय का?” मी हुंगायचो आणि सांगायचो. पाहुणे हसायचे, तीही हसायची. त्या रस्त्याचं नाव मात्र आम्ही दोघांनीही काढलं नाही. पादऱ्याला एक लग्न होतं, तर ताप आल्याचं सांगून मी टाळलं.

मग गेल्या दिवाळीनंतर एका सहकाऱ्याने नवी मोटरसायकल आणली, साडेतीनशे सीसीची, आणि “चालव की एक चक्कर” म्हणाला. मी नको नको म्हणत बसलो. आणि काय सांगू, पायाने आपोआप गिअर टाकला! बावीस वर्षांत कितीतरी फोन नंबर विसरलो, माणसांची नावं विसरलो, पण डावा पाय काही विसरला नव्हता. कॉलनीला तीन फेऱ्या मारल्या. थंडी होती, डोळ्यांतून पाणी येत होतं; ते वाऱ्याने, असं मी सहकाऱ्याला सांगितलं. घरी आल्यावर दोन दिवस गप्प बसलो आणि तिसऱ्या दिवशी जेवताना बायकोला म्हटलं, “मी परत मोटरसायकल घ्यावी म्हणतो.”

ती भात कालवत होती. म्हणाली, “घ्या. मला काय.”

मला तेवढंच हवं होतं. ‘मला काय’ कडे मी लक्षच दिलं नाही.

गाडी आली. आणि या वेळी मी सगळं नीट करणार होतो. त्यासाठीच अलकापुरीतलं ते दुकान. मी दोन तास घालवले. हेल्मेट तोंड पूर्ण झाकणारं, गालांना घट्ट लागलं पाहिजे, डोकं गदागदा हलवलं तरी हलता कामा नये. दुकानदार म्हणाला, नवीन आहे तोवर गाल दुखतील, सैल घेऊ नका. बरोबर बोलत होता. जॅकेट जाळीचं, कारण बडोद्याचा उन्हाळा. पण खांद्यावर, कोपरावर आणि पाठीवर आत मऊ पॅड, आपटलं की कडक होणारे. ते दाबून बघितले, वाकवून बघितले, त्याच्या टेबलावर आपटूनही बघितले. पोटावर चेन लागेना. मोठा साइझ घातला तर चेन लागली, पण कोपराचा पॅड कोपर सोडून भलतीकडेच. “साहेब, पेट ओछुं करो,” पोट कमी करा, असं म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. शेवटी बाजूने पट्टे सैल करता येतात असं एक मिळालं. गुडघ्याचे गार्ड, तळहाताला कडक तुकडा लावलेले हातमोजे, घोटे झाकणारे बूट. पाळीच्या सुरुवातीला मी दुसऱ्यांचं तपासतो तसं सगळं मी माझं तपासलं. हेल्मेटच्या पट्टीत बोट घालून बघितलं.

घरी येऊन सगळं अंगावर चढवलं आणि दिवाणखान्यात जाऊन उभा राहिलो. बायको पेपर वाचत होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“एवढंच?” म्हणाली.

“एवढंच म्हणजे?” हेल्मेटच्या आतून मी म्हटलं. “अजून काय राहिलं?”

“काही नाही. छान आहे.” पेपराची घडी घातली आणि आत गेली.

मी आरशात स्वतःला बघत उभा होतो. जॅकेट छान बसलं होतं. आणि मग, खरं सांगतो, एकदम उमजलं. दोन तास त्या दुकानात होतो. माझी मान, माझे गुडघे, माझी करंगळी, सगळ्याचा विचार केला. गाडीला मागे सीट आहे हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. आलं होतं, पण त्यावर बॅग बांधायला जाळी घेऊ, एवढंच. हेच बावीस वर्षांपूर्वी. माझ्या डोक्यावर पांढरी टोपी आणि तिच्या डोक्यावर पदर. मला स्वतःची इतकी लाज वाटली की हेल्मेट काढायचंही सुचेना.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, आणा की बेनला, नाही तर डोक्याचं माप तरी सांगा. तिच्या डोक्याचं माप! अठ्ठावीस वर्षांचा संसार, तिच्या चपलेचा नंबर ठाऊक, बांगडीचं माप ठाऊक. डोक्याचं कोणाला ठाऊक असतं?

शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. ती खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. मी मागे उभा राहिलो.

“काय करताय?”

“डोकं मोजतोय.”

“मी बसणार आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणी नाही. मोजून ठेवतो नुसतं.”

तिने अंबाडा सोडला. मी कपाळावरून टेप फिरवून मागे आणली आणि माझं बोट त्या वणावर पडलं. केसांखाली आडवा, दोऱ्यासारखा उंचवटा. बावीस वर्षांत मी त्याला कधी हात लावला नव्हता. हात तिथेच थांबला. तिला कळलं.

“तिथे जरा सैल ठेवा,” ती म्हणाली. आणि मग, मेथीची जुडी तशीच हातात धरून, तिने विचारलं, “एक विचारू? तुम्ही आधी टोपी का उचललीत?”

मला खोटं बोलता आलं असतं. तू पडलीस हे मला दिसलं नव्हतं, असं. स्वतःला मी इतकी वर्षं तेच सांगत होतो.

“मी खालून बघत होते,” ती म्हणाली. “तुम्ही उठलात, मला बघितलंत. माझ्याकडे बघितलंत हो तुम्ही! आणि मग चरात उतरलात, टोपी उचललीत, ती पुसलीत. मला वाटलं, माझं काही फार लागलं नसेल. नाही तर हे असे कसे जातील?”

खरं कारण इतकं क्षुद्र आहे की लिहितानाही नको वाटतं. टोपीवर माझा नंबर होता. सेफ्टीच्या माणसाची टोपी हरवली तर कुठे, कशी, कामाबाहेर का वापरली, याचा लेखी खुलासा द्यावा लागतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात तो खुलासा होता. बायको रस्त्यावर पडली होती आणि मी नंबराची टोपी शोधत होतो. हे मी तिला सांगितलं, जसंच्या तसं. टेप अजून तिच्या डोक्याभोवती होती. मी रडलो. ती नाही रडली.

तिने जुडी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “वास गेला त्याचा मला राग नव्हता. पडणं काय, कोणीही पडतं. हे मात्र माझ्या मनातून जात नव्हतं.” आणि मेथी निवडायला लागली. दोन काड्या निवडून झाल्यावर विचारलं, “किती भरलं?”

“पंचावन्न सेंटीमीटर.”

“नीट बघा. चष्मा लावा.”

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दुकानात आली आणि मला बाजूला बसवून तिने स्वतः खरेदी केली. दुकानदाराला तिने असे प्रश्न विचारले की तो माझ्याकडे केविलवाणा बघायला लागला. हे उलटं केलं तर निघतं का? हे धुवायचं कसं? अंबाडा असला तर डोकं आत जात नाही, मग बायकांनी काय करायचं, केस कापायचे? तो म्हणाला, “बेन, वेणी घाला खाली.” तिने तिथल्या तिथे अंबाडा सोडून वेणी घातली. सहा हेल्मेटं घालून बघितली, प्रत्येक वेळी डोकं गदागदा हलवून. शेवटी एक भगव्या रंगाचं घेतलं. मी म्हटलं, जरा भडक नाही का? म्हणाली, “लांबून दिसलं पाहिजे. तुम्हालाही.”

मी पाकीट काढलं.

बाहेर पडताना तिने अटी घातल्या. साडी नाही, पंजाबी ड्रेस, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणार. वेग ती सांगेल तो. “आणि काहीही पडलं, काहीही, तरी आधी मागे बघायचं.” मी मान हलवली. “तोंडाने सांगा,” म्हणाली. सकाळी रांगेत मी कामगारांकडून शपथ वदवून घेतो तशी तिने माझ्याकडून घेतली, अलकापुरीच्या भर फुटपाथवर. एक काठियावाडी आजोबा थांबून बघत होते.

आम्ही पादऱ्यालाच निघालो, रविवारी सकाळी. अटलादरा मागे पडलं. रस्ता ओळखू येत नव्हता, दोन्हीकडे इमारती, शोरूम, मंगल कार्यालयं. ते वळण मला सापडलंच नाही. सरळ केलं असावं. माझे खांदे कडक झाले होते. तिचे दोन्ही हात माझ्या जॅकेटला घट्ट धरून. मी सारखा मागे बघत होतो. एवढं मोठं हेल्मेट, मान वळता वळेना, तरी दर मिनिटाला वळून भगवा रंग डोळ्यांच्या कोपऱ्यात आला की पुढे.

समियाला गाव ओलांडल्यावर शेतं लागली. एका हिरव्या वाफ्यापाशी तिने माझ्या पाठीवर थाप मारली. मी घाबरून गाडी थांबवली, आधी मागे बघितलं.

तिने काच वर केली. “सांगा,” म्हणाली. “कसला वास येतोय?”

मी हेल्मेट काढलं. इतकी वर्षं मी घरातलं दूध आणि गॅस हुंगला होता, शेत कधी हुंगलं नव्हतं. डोळे मिटून उभा राहिलो. “कोथिंबीर,” म्हटलं. “उपटलेली, मुळांना माती आहे. पाणी सोडलंय कुठेतरी, ओला वास आहे. कोणीतरी चूल पेटवलीय, शेणी जाळतायत. आणि तुझ्या हेल्मेटचा, नव्या फोमचा.”

“आणि?”

“पापडी. थोडीशी.”

ती ऐकत होती. बावीस वर्षांपूर्वी मागून ती मला सांगायची, तसंच मी तिला सांगत होतो. तिने डोळे पुसले, काच खाली केली, आणि आम्ही निघालो.

मी परत मागे बघितलं. मग थोड्या वेळाने परत. तिसऱ्यांदा मान वळवली तेव्हा तिने माझ्या हेल्मेटवर दारावर करतात तशी टकटक केली.

“अहो, पुढे बघा,” मागून आवाज आला. “मी आहे.”